विधान क्रमांक सत्तावीस

कुंभारीच्या विडी घरकुलात दुपारी तीनला
पत्रा तापून बोलायला लागतो.
मी मांडीवर फॉर्मची फळी घेतली,
नरसम्मा गाजूल यांच्या मांडीवर सूप.

"मी एकेक विधान वाचते.
किती पटतं तेवढंच सांगायचं.
पूर्ण पटतं, पटतं, सांगता येत नाही,
पटत नाही, अजिबात पटत नाही."
"पाचच?" त्या म्हणाल्या.
कात्री थांबली नाही.

विधान चौदा : माझ्या कामाला मान आहे.
थोरलीच्या लग्नात म्हणे
पाहुण्यांनी नाक मुरडलं, हाताला तंबाखूचा वास येतो.
त्याच हातांनी मांडवाचं भाडं फिटलं
आणि तेच पाहुणे दोन पंगतींना बसले.
मग तेलुगूत काहीतरी, सुनेकडे बघून.
सून हसली.
मला कुणी सांगितलं नाही.
"म्हणजे किती लिहू, अम्मा?"

त्यांनी सुपातल्या पाच विड्या फरशीवर मांडल्या.
एक उचलली. दुसरी उचलली.
दुसरीचा दोरा सोडला,
अर्धी तंबाखू सुपात झटकली,
आणि चपटी झालेली ती विडी
पुन्हा चौथ्या जागी ठेवून म्हणाल्या,
"एवढं."

साडेतीनला चौकट नाही.
मी चारवर गोल केला.

विधान एकोणीस : घरातले निर्णय माझ्या मताने होतात.
आतल्या खोलीत नवरा खोकला.
माग बंद पडल्यापासून तो आतल्या खोलीतच असतो.
"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या,
आवाज जरा चढवून.
तीन. तीन म्हणजे तटस्थ,
प्रशिक्षणात सरांनी फोड करून दिली होती :
तटावर उभा असलेला, कोरडा.
मी बघत होते, त्यांच्या कपाळावरून घाम
थेट सुपात पडत होता.

सत्तावीस मुद्दाम उलटं लावलेलं असतं,
न ऐकता मान हलवणारे सापडावेत म्हणून.
मला माझ्या कामाची लाज वाटते.
"पटतं."
अहो, पण चौदाला तुम्ही...
"ते बी पटतंय की.
धाकटी कॉलेजचा अर्ज भरायली,
आईचा धंदा लिहिताना तिचं पेन थांबतंय,
तवा वाटते.
कट्टे मोजून घालताना नाही वाटत.
तू कवाचं विचारलीस?"
कधीचं, ते विधानात नव्हतं.

मग त्यांनीच मला विचारलं,
"एका कागदाचे किती मिळतात?"
पस्तीस.
"आणि चुकला तर?"
चुकला तर बाद, पैसे नाहीत.
"मग छाट म्हण की!"
पहिल्यांदाच कात्री खाली ठेवली त्यांनी.
कारखान्यात तपासणारा मूठ मूठ बाजूला काढतो,
ही सैल, हिचं तोंड मिटलं नाही, ही मापाला कमी.
त्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत.
विड्याही परत मिळत नाहीत.
"मग जातात कुठं?"
"ओढत असंल की कुणीतरी."

आठ दिवसांनी पुण्याहून यादी आली.
माझे नऊ फॉर्म बाद.
क्रमांक एकशे बारा :
चौदा व सत्तावीस परस्परविरोधी, उत्तरदाती गोंधळलेली.
एकशे तेरा, सुनेचा, पास.
सासू शेजारी कान देऊन बसलेली असताना
तिने सुलट ते सगळं पटतं म्हटलं होतं,
उलट ते सगळं पटत नाही,
पत्र्याचा साचा ठेवून पान कापावं तसं
एका मापाचं.

बाद फॉर्म परत द्याल का, मी सरांना फोनवर विचारलं.
"असू देत इकडे," ते म्हणाले.

ती चपटी विडी मी निघताना उचलली होती.
कंपासपेटीत आहे.
दोरा परत बांधून बघितला दोनतीनदा,
मला जमत नाही.