लाइन

आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते.
मे महिन्यात, रात्री सव्वादोनला
कूलर एकदा घशातून खरखरतो, थांबतो,
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकायचं राहतं
आणि पाचपावलीची अख्खी गल्ली
आमच्या दाराकडे पाहते,
जणू मनीराम हेडाऊनंच ती
घरी येताना खिशात घालून आणली.

"लाइन कवा येते, हेडाऊ?"
बाबा गच्चीवरच्या खाटेवरून उठायचा,
चपला चाचपायचा, सायकलला शिडी बांधायचा.
"येते. पायी येऊन राहिली."

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, लाइन म्हणजे?
मी हात वर केला: उजेड.
वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर खडूनं
या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली,
म्हणाल्या, ही.
मी पाहत राहिले. तिच्यातून काहीच वाहत नव्हतं.

मग कळत गेलं, शब्द एक, धनी बरेच.
मामा दर दिवाळीला विचारायचा,
"भाचा कोणत्या लाइनीत आहे सध्या?"
आणि आई चिवड्याची ताटली पुढे सरकवायची.
शेजारची कुंदा गॅलरीत केस वाळवायची
तर पानठेल्यावरची पोरं म्हणत,
"लाइन देऊन राहिली बे."
बाबानं ऐकलं, खांबावरूनच ओरडला,
"लाइन मी देतो इथं. तुमच्याकडे मीटर आहे का?"
कुंदा तीन दिवस गॅलरीत आली नाही.
मग आली.

सिव्हिल लाइन्समध्ये मात्र लाइन जात नसे.
तिथं फांद्या वेळेवर छाटतात, बाबा सांगायचा,
कुत्रेसुद्धा हळू भुंकतात.
एका बंगल्यात फ्यूज बदलताना
साहेबानं विचारलं होतं, पाणी घेणार?
हे तो रिटायर होईपर्यंत सांगत होता.

आता मेडिकलला.
कार्डाची लाइन, रक्ताची, औषधाची.
लोक चप्पल ठेवून चहाला जातात
आणि चप्पल आपल्या नंबरानं पुढे सरकते.

वॉर्डात सिस्टर बाबाचा हात
उलटासुलटा करून शोधते आहे.
"काकांची लाइन मिळून नाही राहिली."
चौथी टोच.
चौतीस वर्षं तारा ओढलेला हात,
पंजावर झटक्याचा जुना, काळा डाग.
"आधी फ्यूज पाह्य, पोरी," बाबा म्हणतो.
ती हसत नाही. तिची डबल ड्यूटी आहे.

ओळ, रेघ, रांग, तार, शीर,
आमच्याजवळ शब्दांची काय कमी.
पण भावाला फोनवर मी एवढंच सांगते,
"लाइन नाही मिळून राहिली."
तो म्हणतो, "मिळाली न. बोलून तर राहिलो."

तेवढ्यात पंखे मंदावतात.
वॉर्ड काळा. कुणीतरी सवयीनं शिवी देतं.
बाबा कोपरावर उठतो,
पलंगाखाली चपला चाचपतो.
"एकच फेज गेली का पूर्ण?"
"झोप न बाबा."

सिस्टर मोबाइल दातांत धरते
आणि उजेडासकट त्या हातावर वाकते.
बाहेर जनरेटर खोकतो, पुन्हा खोकतो.

"आली!" पोरांच्या वॉर्डातून एकच गिल्ला.
"आली!" बाजूच्या खाटेवरचा म्हातारा.
आणि नळीत लाल थेंब चढताना पाहून
सिस्टर, हळूच, आपल्याशीच,
"आली."

"कोणती?" बाबा विचारतो.