अर्थ

कळंबोली. स्टील मार्केटच्या मागची गल्ली, पहाटेचे पाच.
आमच्याकडे जानेवारी म्हणजे
चहावाल्याच्या कानाला मफलर, एवढंच.
पण दस्तगीर मुलाणीची गाडी
घर्रऽ… घर्रऽ… दम लागल्यासारखी
आणि खाली बसते.

"डिझेल गोठलंय."
अरे, इथं खोबरेल जेमतेम थिजतं.
दोन बॅटऱ्या नव्या टाकल्यात म्हणतो,
पावत्या काढून दाखवतो
पोराचे रिपोर्ट दाखवावेत तशा.

मी धूर बघतो. धूरच नाही,
म्हणजे इंजिन पुरेसं फिरतच नाही.
मीटर लावला : पंचवीस.
"मार सेल्फ." बावीस. तरी ठीक.
मग एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
"मार."
शून्याच्या आसपास हवं, तिथं दोन पॉइंट एक.

गाडीखाली उताणा. पाठीला गार काँक्रीट,
तोंडात टॉर्च.
चासीच्या बोल्टाखाली अर्थची पट्टी :
वरून रंग, मागच्या दसऱ्याला हौसेनं दिलेला,
आतून खाडीच्या हवेनं हिरवी,
कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकावं तशी.

घासली. चकाकेपर्यंत घासली.
बोल्ट आवळताना वरून आवाज आला,
"म्हणजे इतके दिवस अर्थच लागत नव्हता म्हणा!"
बॅटऱ्यांचे किती गेले, मी विचारलं नाही.

एका हाकेत उठली.
पांढरा धूर, मग निळसर, मग काही नाही.
दस्तगीर निघाला नाही लगेच.
बंद केली, पुन्हा लावली.
पुन्हा बंद.
तिसऱ्यांदा उगाचच.