ते येतील

शाहूपुरीत, टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून
एक खोली आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत,
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
तिथं बसून मी गाव हलवतो.
मिनिटाला चारशे. भीतीचा मजकूर असेल तर सहाशे,
कारण घसा बसतो.

एरवी माझं काम साधं :
साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, खासबागेतल्या कुस्त्या,
पंचगंगा चढली की काठच्या गल्ल्यांना सूचना.
तेव्हा पाणी खरंच आलेलं असतं
आणि मी हळू बोलतो.

निवडणुकीत उलटं.
कपाट निशाणीवाल्यांचा रणधीर कागद घेऊन आला :
ही शेवटची संधी. यानंतर मतदान नाही,
रंकाळा नाही, तुमच्या दारावर तुमचं नाव नाही.
झोपलात तर संपलात. ते येतील.

मी विचारलं, ते म्हणजे कोण?
म्हणाला, तिथं जागा मोकळी ठेवायची, भावा.
ज्याची त्यानं भरायची.

दुपारी रोड रोलरवाले आले.
कागद वेगळा, शाई वेगळी, शेवटची ओळ तीच.
मी फक्त पट्टी बदलली.

दुसऱ्या दिवशी माझ्याच आवाजाच्या दोन रिक्षा
पापाच्या तिकटीला समोरासमोर अडकल्या.
इकडून मी म्हणत होतो ते येतील,
तिकडूनही मीच,
आणि मधे मी, स्कूटरवर, हॉर्न दाबून.

मोकळ्या जागा भरत गेल्या.
मगदूम गुरुजींनी पेन्शनचं पासबुक तांदळाच्या डब्यात लपवलं.
दस्तगीर बागवानानं केळ्यांचा गाडा
दिवेलागणीआधीच आत घेतला. त्याचे ‘ते’ वेगळे होते.
आमच्या गल्लीतल्या पोरांनी रात्री पहारा बसवला,
त्या पहाऱ्याला घाबरून
पलीकडच्या गल्लीनं पहारा बसवला.

घरी पोचलो तर दार सताड उघडं.
रात्रीचे साडेआठ, बाकी गल्लीत कड्या लागलेल्या.
आई ओट्याशी. दोन कप,
एकाचा कान तुटलेला.
अकरा वर्षं तो कप फळीवरून हलला नव्हता.

दार का उघडं ठेवलंस?
“आरं, तूच वरडत हुतास न्हवं दिवसभर,
ते येतील, ते येतील म्हणून.
मग मी च्या टाकलो. कडी लावून कसं चालंल?”

तिनं उभ्या जन्मात बाबांचं नाव घेतलं नाही.
उखाण्यात एकदा, तेही पाठ केलेलं.
ते म्हणजे ते.
उद्यमनगरातून सायकलवर,
नखांत फाउंड्रीची काळी वाळू,
पायरीवर चपला झटकल्याचा आवाज.

मी सांगायला हवं होतं.
चहा प्यालो, त्याच कपातून.
साखर जास्त होती.
ती दाराकडे बघत होती, मी कपाकडे.

सकाळी रणधीरचा फोन, अजून कडक पायजे.
जिना, अंड्यांचे ट्रे, लाल दिवा.
त्या ओळीवर आलो, तर आवाज निघाला
कुणी कपाखाली बशी सरकवावी तसा.

काचेपलीकडून रेकॉर्डिंगचा पोरगा म्हणाला,
“दादा, भीती बसंना. परत एकदा.”

परत घेतलं.
तिसऱ्या वेळी बसली.