ओळ तोडताना

खेतवाडीच्या छापखान्यात आठवीच्या फ्रेंच व्याकरणाची प्रुफं आली
तेव्हा आम्हा दोघांनाही ती भाषा येत नव्हती.
चेऊलकर मूळ प्रत वाचायचे, मी छापलेल्यावर खुणा करायचो.
'पार्लेंट', ते म्हणायचे, ठणठणीत, शेवटच्या 'ट'पर्यंत,
सुटे पैसे मोजून घेणाऱ्या वाण्यासारखे.

एका ओळीच्या टोकाला शब्द मावेना.
मी तोडला : पार्ल, आडवी रेघ, एंट.
माझगावच्या एडना रिबेलो बाईंनी लाल पेनाने रेघ खोडली.
तोडायचंच तर 'ल'च्या आधी, त्या म्हणाल्या,
पण खरं म्हणजे तोडूच नका.
शेवटचं अक्षर मुकं आहे.
मुक्याला एकट्याने पुढच्या ओळीवर पाठवत नाहीत.

मग म्हणून दाखवलं : पार्ल. संपलं.
तो बोलतो, पार्ल. ते बोलतात, पार्ल.
एक माणूस की अख्खी चाळ, कानाला पत्ता नाही.
चेऊलकरांना ही लबाडी वाटली.
'तीन-तीन टाइप जुळवायचे अन् बोलायचा एकही नाही?'
बाई म्हणाल्या, तुमचं आडनाव सांगा.
'चेऊलकर.'
त्यातल्या शेवटच्या 'र'मधला 'अ' कुठे गेला?
चेऊलकर तो दातांमागे शोधत बसले
चहा निवेपर्यंत.

आता ते नालासोपाऱ्याला, लेकाकडे. ऐकू कमी येतं.
तिसरी आवृत्ती माझ्या एकट्याकडे.
पान बेचाळीस : वाचणे.
तो वाचतो, इल ली.
ते वाचतात, इल लीझ.
शेवटचं अक्षर इथेही मुकंच,
पण ते मागे येऊन उभं राहिलं
की त्याच्या आधीचा एस तोंड उघडतो :
झ, 'माझा'तला, 'माझी'तला नव्हे.

मी मोठ्याने वाचतो. ली.
समोरच्या खुर्चीवर जुन्या प्रतींचा गठ्ठा.
खाली गल्लीत हातगाडीवाला कुणाला तरी शिव्या देतोय.
पुन्हा वाचतो, या वेळी खुर्चीकडे बघत. लीझ.

हा शब्दही नेमका ओळीच्या टोकाला आलाय, मावत नाही.
रेघ मारत नाही मी.
समासात लिहितो :
शब्दांमधली जागा केसभर कमी करा,
सगळे जरा जरा सरका,
बसेल.