खरवड

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना अर्धा बंद पडला
तेव्हा भिवा आरोलकर म्हणाला, भिंतीत बूच आहे, नऊ इंच,
आत कुणी मेलं तरी बाहेर कळायचं नाही.
म्हणून ती जागा घेतली.
दोन गिटारी, म्हापशाहून आणलेला जुना मिक्सर,
माझे ड्रम, ज्यातला एक खरं तर ताशा होता,
आणि इनास, जो माइकसमोर चप्पल काढून उभा राहायचा
आणि का म्हणून विचारलं तर चिडायचा.
उरलेल्या अर्ध्यात ट्रॉलरवाल्यांसाठी लाद्या पडत.

एक अल्बम काढला. एकशे चाळीस प्रती खपल्या,
त्यातल्या साठ शिरोड्याच्या जत्रेत,
भज्यांच्या गाडीशेजारी.
दुसरा अर्धा झाला आणि काजूचा हंगाम आला,
इनास मामाकडे बिया वेचायला गेला
तो माकडताप घेऊन परतला. अकरा दिवस.
रॉक गाणारा माणूस गोचिडीने मरतो
हे पोस्टरवर कसं लिहायचं?
लिहिलंच नाही. पोस्टरही नाही, बँडही नाही.

सात वर्षांनी पुण्याहून गंधाली नावाची मुलगी आली.
हार्ड डिस्क भिवाच्या माळ्यावर होती,
सुक्या बांगड्यांच्या डब्याला टेकून.
आधी वास आला, मग आवाज.
चौदा तुकडे.
शब्द सुचले नव्हते तिथे ना-ना-ना.
एकात नुसता खोकला, आणि भिवाच्या शिव्या.
एकात अख्खं कडवं, आणि शेवटी इनास, स्वच्छ :
"ह्या नको रे. पुसून टाक."

गंधाली म्हणाली, हे पहिलं ठेवू. किती खरं वाटतं.

मी आता बोटींच्या इंजिनाचे सुटे भाग विकतो.
खऱ्या-खोट्यातलं मला एवढंच कळतं
की नकली वॉशर पाण्यात उतरल्यावरच बोलतो.
पुसून टाक म्हणाला होता, मी पुसलं नाही.
आळस होता तो.
आता सगळे त्याला प्रेम म्हणतात, मीही अडवत नाही.

नाव काय द्यायचं? तिच्या यादीत
'लाटांच्या पलीकडे' होतं, अजून तसलीच चार.
भिवा म्हणाला, खरवड.
टोपाच्या तळाला धरलेला भात,
पाहुण्याला वाढत नाहीत
आणि घरात तिच्यावरून भांडणं.
म्हणजे जळलेलं? गंधालीने विचारलं.
भिवा म्हणाला, थोडं.

इनासच्या आईला, फिलूमावशीला, ऐकवायला गेलो.
डोक्यावरच्या रुमालावरूनच हेडफोन घातले.
पहिल्याला गप्प. दुसऱ्याला गप्प.
नवव्याला तिने हात वर केला :
"हय तो जेवलो नाय. उपाशी गाता हा."
मी तारीख पाहिली. बंद होता त्या दिवशी, खानावळीला कुलूप,
आम्ही तिघं ग्लुकोज बिस्किटांच्या एका पुड्यावर.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन गाण्यांना ड्रम नाहीत.
आता वाजव, गंधाली म्हणाली, कोणाला कळणार नाही.
गेलो. बूच अजून भिंतीत आहे, थंडी गेली.
कानात इनास मोजतो : एक, दोन, तीन
चार तो कधीच म्हणायचा नाही,
चारच्या जागी श्वास घ्यायचा.
काड्या उचलल्या. त्याने श्वास घेतला.
परत लावलं. परत घेतला.
पंधरा-सोळा वेळा तरी,
एकदाही माझा हात खाली आला नाही.
त्याच्या मागे बर्फाचं यंत्र सुरू होतं, घुं,
आणि तो सूर त्याला लावून घेतो,
नेहमीसारखा, जरा खालीच.

कळवलं, ड्रम नकोत.
मग यंत्राचा आवाज तरी काढू? तिने विचारलं.
म्हटलं, कव्हरवर लिही : साथ, बर्फाचं यंत्र.

पहिल्या नंबरावर तो तुकडा आहेच. सही मी केली.
पैसे फिलूमावशीच्या कौलांना लागले.
चुलीकडच्या कोपऱ्यात अजून गळतं.