निदान

प्रश्न विहंगबद्दल होते, त्याच्या आईला विचारलेले.
मी नुसती मावशी, सोबतीला आलेली,
बांबोळीच्या त्या खोलीत भिंतीकडच्या खुर्चीवर.
कपड्याचं लेबल टोचतं का याला?
रोज एकच गोष्ट खातो का?
खेळण्यांशी खेळतो, की रांगेत लावतो?
बहीण आठवून आठवून सांगत होती
आणि माझ्या मानेपाशी,
जिथलं लेबल मी कुर्ता घरी आणल्या आणल्या कापते,
तिथे काहीतरी गरम होत गेलं.

त्याला आता आठ महिने झाले.

सकाळी सहा-दहाला पोदेराचा भोंगा.
सहा-नऊला मी फाटकाशी उभी, कान झाकून.
मला पाहून सांतान भोंगा दाबत नाही,
चार उंडे देतो आणि जातो.
"बायेक आवाज सोसना,"
त्यानं आपल्या नातवाला सांगितलेलं मी एकदा ऐकलं,
पाव महाग झाला हे सांगावं तशा सुरात.

चोडणच्या फेरीत मी कायम उजव्या कठड्याला.
कुणी बोलायला आलंच
तर तीन वाक्यं तयार असतात:
एक पाण्याचं, एक गर्दीचं,
तिसरं, "आई कशी आहे?"
फिलोमेनाची आई गेली त्या आठवड्यातही
माझ्या तोंडून तिसरंच निघालं.
ती काही बोलली नाही. रायबंदर येईपर्यंत
मी लाटा मोजल्या.

ऑफिसात पेन्शनच्या फायली. तिथे मी चांगली.
एकोणीस वर्षांत एक पैसा चुकलेला नाही.
डोक्यावरची ट्यूबलाइट दिवसभर गुणगुणते,
मला वाटायचं सगळ्यांनाच ऐकू येते,
सगळे निमूट सोसतात,
मीच मेली नाजूक.

पुस्तकात शब्द सापडला, स्वमग्न.
हसू आलं.
स्वतःत मग्न व्हायला मला सवड कधी मिळाली?
जन्म गेला दुसऱ्यांच्या भुवया वाचण्यात,
कुठे हसायचं, किती, कधी थांबायचं.
म्हार्दोळच्या त्या लग्नाला तर
आरशापुढे तालीम करून गेले.
"काय मिसळलीस गं!" सगळे म्हणाले.
दोन दिवस खिडक्या लावून पडून होते.

फॉर्म खणात आहे. दहा प्रश्न भरलेत.
अकरावा: बालपणापासून आपल्याला ओळखणारी व्यक्ती.
आई नाही.
मुकुंदाला वास्कोला फोन केला, तर म्हणाला,
"त्यात काय एवढं? बाबा तसेच तर होते."

बाबा. मानशीवरचे बाबा.
भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभराच्या तोंडपाठ,
जेवायला फक्त तारले,
चार माणसं जमली की शर्टाचं दुसरं बटण फिरवत राहणारे.
गाव त्यांना घुम्या म्हणायचा.
मी लहानपणी त्यांच्याशेजारी बसायचे, बांधावर,
भरतीचं पाणी चढलं की मानशीचं दार
आपसूक मिटायचं, ते बघत.
आम्ही तासन्‌तास बोलायचो नाही.
तेवढं बोलणं मला पुढे कुणाशी जमलं नाही.

मी सही केली तर तो शब्द त्यांनाही लागेल.
त्यांना न विचारता.

सुलक्षा म्हणते, चाळिशी उलटली,
आता कागद घेऊन चिकटवणार कुठे?
कुठेच नाही.
भरलेल्या बिलाची पावती ठेवतो ना आपण कपाटात,
कुणी पुन्हा मागायला आलं तर असावी म्हणून,
तसा ठेवीन.
की नको? बिल आलंच नव्हतं असं निघालं तर?
मग इतकी वर्षं मी भरत होते ते काय?

काल विहंग पडवीत तिसऱ्यांच्या शिंपल्या लावत होता,
लहानापासून मोठीकडे.
मी एक उचलली, सातवी आणि आठवीच्या मध्ये ठेवली.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
काढली नाही.

रात्री अकराव्या प्रश्नापुढे लिहिलं,
सांतान, पोदेर.
मी रांगत होते तेव्हापासून पाव घालतोय.
पेन्सिलीनं लिहिलंय.
त्याला विचारायचं बाकी आहे,
उद्या, सहा-नऊला.