बदकांच्या शर्यतीनंतरची सभा

इतिवृत्तात मी लिहिलं:
उपस्थिती तेरा. गणसंख्या पूर्ण.
मागच्या सभेचं वृत्त वाचून कायम.
बदकांच्या शर्यतीतून निव्वळ शिल्लक
तीन हजार आठशे सेहेचाळीस डॉलर, पस्तीस सेंट.

वरचे पस्तीस सेंट कुठून आले ते नाही लिहिलं.
हिर्टलांच्या धाकट्यानं जाकिटाचं अस्तर उकरून
दोन नाणी काढली, डब्यात टाकली
आणि तिथंच उभा राहिला,
पावती मागावी तसा.

बाराशे प्लास्टिकची पिवळी बदकं
शनिवारी पुलावरून नदीत ओतली आम्ही.
धुकं नोव्हा स्कोशियातलं, हाताला लागेल असं.
पहिलं कोण आलं ते पंचांना नाही,
खाली होडीत बसलेल्या डेल्बर्टच्या कुत्र्याला ठाऊक.
अकराशे अठ्ठ्याण्णव परत मिळाली.
दोन समुद्राला गेली.
बाकीची अग्निशमन केंद्राच्या तळघरात
जुन्या जाळ्यावर वाळताहेत,
पोटावरचे आकडे वर करून.

विषय क्रमांक चार: पत्रव्यवहार.
पत्र मलावीहून, पाणी समितीच्या तिसुंगे चिरवांचं.
मी मोठ्यानं वाचलं, मग पुढे आवाज आपोआप उतरला.

"तुमचा हापसा चार वर्षं चालला.
नोव्हेंबरपासून बंद आहे.
आतला रबरी वॉशर झिजला, आमच्या बाजारात तो मिळत नाही.
बायका परत ओढ्यावर जातात.
कृपा करून नवा हापसा पाठवू नका.
बंद पडलेल्याशेजारी आणखी एक उभा राहील."

ओटच्या बिस्किटांना कुणी हात लावला नाही.
कॉफीयंत्राच्या वर, भिंतीवर, त्याच हापशाचा फोटो.
भोवती मुलं, दांड्यावर एक बाई जोर लावून वाकलेली,
आणि पाटीवर आमच्या गावाचं नाव
एक अक्षर चुकून.

लॉइड म्हणाला, एवढे पॅनकेक उलथले आपण, ते काय यासाठी?
ग्लेंडा म्हणाली, आपल्याच सभागृहाचं छत गळतंय.
कुणीतरी म्हणालं, गळतंय खरं.

मग ऑर्विल झ्विकर उठला.
बावीस वर्षांत हा माणूस
फक्त मतदानाला हात वर करायचा.
"किती इंची?" त्यानं विचारलं.
पत्रात नव्हतं.
"बिल्जचा पंप भर समुद्रात तीनदा उघडलाय मी,
बोट खालून भरत असताना.
वॉशर एकटा कधी पाठवू नये. डझनभर पाठवा.
पाने पाठवा. तिथल्या दुकानात ठेवायची सोय करा.
आणि शिकवणारं कुणीतरी लागतं.
मला बापानं शिकवलं. रडवून शिकवलं, पण शिकवलं."
एवढं बोलून तो बसला,
कानापर्यंत लाल.

ठराव: सुटे भाग,
आणि गावातल्या दोघींना दुरुस्तीचं शिक्षण.
बाजूने दहा. विरोधात दोन. तटस्थ एक.

ती तटस्थ मी.
पाटीवर गावाच्या नावाखाली
बारीक अक्षरांत माझ्या नवऱ्याचं नाव आहे.
ते मात्र बरोबर लिहिलंय.
तो गेला त्या वर्षी हापसा बसला,
आणि चार वर्षं मी या फोटोखाली कॉफी ओतताना
पाण्याचा आवाज ऐकत होते.
नोव्हेंबरनंतरही ऐकत होते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सगळे गेल्यावर ऑर्विल कप विसळत थांबला.
हात पुसले, माझ्याकडून कागद मागितला.
मी घाईत मसुद्याचंच पान दिलं.
त्यानं खिशातून एक काळा वॉशर काढला,
पानाच्या पाठीवर ठेवून
पेन्सिलीनं गोल काढला,
आत आणखी एक छोटा गोल.
"असा ठेवून आखायला सांग त्यांना.
म्हणजे आकडा चुकायची भीती नाही."

पाकिटात मी ते पान घातलं.
एका बाजूला आमची शिल्लक, पस्तीस सेंटांसकट,
दुसऱ्या बाजूला ते गोल.
दिवा मालवताना वर पाहिलं.
फोटोत अजून पाणी पडतंय.

सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.